पाव इंच

लिओटा गेली तेव्हा बिस्किटांच्या डब्यात
चौसष्ट चौकोन कापून ठेवलेले होते.
मुलगी म्हणाली, चर्चला देऊन टाका.
गुरुवारी डबा घेऊन तळघरात उतरलो
आणि तिथेच बसलो, बायकांत.

कुणी हसलं नाही. हिल्मा ओस्लुंडने
खुर्ची सरकवली, सुईत दोरा ओवून दिला
आणि म्हणाली, पाव इंच, ऑर्विन.
पाव म्हणजे पाव.

चाळीस वर्षं मी नेब्रास्काभर
कुरणातल्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या.
सगळी पाती एकाच अंगाला कललेली हवीत,
नाहीतर वारा येतो, वारा जातो,
गुरं कोरड्या हौदाशी उभी.
तेव्हा भिरभिरं मला नवीन नव्हतं.
कापड नवीन होतं.

फिका चौकोन, गडद चौकोन, तोंडाला तोंड.
पेन्सिलची रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
रेघेच्या अल्याड एक शिवण, पल्याड एक,
आणि मग रेघेवरूनच कात्री.
आधी जोडायचं, नंतर कापायचं.
इस्त्री घासायची नाही, नुसती दाबायची.
तिरकी कड ताणली गेली
की पुन्हा मुळावर येत नाही.

पाचवा चौकोन निळ्या चौकडीचा.
एका कडेला खिसा उसवल्याची खूण,
तेवढंच कापड अजून गडद.
माझा शर्ट.
डेल्मरने ढापला म्हणून मी सख्ख्या भावाशी
गवतकापणीचा अख्खा हंगाम बोललो नव्हतो.
लिओटा आम्हा दोघांच्या मधून
बटाटे वाढत राहिली.
कोपर फाटलं म्हणून कापला असेल,
माझा पारा पाहून सांगायचं राहिलं असेल,
मग राहूनच गेलं.

मधोमध आठ टोकं एका ठिकाणी यायला हवीत.
नाही आली. उसवलं.
पुन्हा नाही. उसवलं.
तिसऱ्यांदा दोऱ्याभराचा फरक राहिला.
हिल्माने तुकडा पालथा केला,
मागचे चार टाके सोडून शिवणी गोल वळवल्या,
तर मागेही एक भिरभिरं,
नखाएवढं.
अस्तर लागलं की कुणालाच दिसणार नाही.

रात्री वृद्धाश्रमात फोन लावला.
डेल्मरला एकाच कानाने ऐकू येतं.
शर्ट सापडला, मी ओरडलो.
कुठला?
निळा. चौकडीचा.
मग बराच वेळ नुसती तारेतली घरघर.

होतो का रे तुला अजून,
त्याने विचारलं.