दोन किल्ल्या

जिन्याखाली सात पेट्या आहेत आमच्या.
पुराची रेघ सगळ्यांच्या पोटावरून सरळ गेलेली,
खाली गंज, वर हिरवा रंग.
आमच्या पेटीवर अजून द. आ. सरनाईक.
कडी गळून पडली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.
शाहूपुरीत कोण कागद चोरतंय, म्हणायचो.

आधी विजेचं बिल गेलं. मग बँकेचं नवं कार्ड.
मग पेन्शनवाल्यांचं पत्र, हयातीचा दाखला मागणारं.
मी जिवंत आहे का, असं वर्षातून एकदा
कुणीतरी विचारतं मला,
तेही उचललं.

रियाज पोस्टमन सायकलवरून न उतरता म्हणाला,
"मावशी, मी टाकतोय. पुढचं मला काय ठाऊक?
कुलूप घाला. आणि माझी घंटी ऐकली की
भाजी करपली तरी खाली या."

कार्ड बंद करून आले.
पोरगी पुण्याहून म्हणते, कॅमेरा लाव.
जिन्याखाली साधा बल्ब नाही आमच्या.

पापाच्या तिकटीला गेले, हुपरे तांबटाकडे.
तो हंडे सोडून दुसरं काही करत नाही,
पण माझं सगळं ऐकून घेतलं आणि पत्रा ओढला.
फट केवढी ठेवू?
मी करंगळी दाखवली.
आतून त्यानं एक वाकडी जीभ बसवली,
पत्र घसरत आत जाईल, हात मनगटाशीच अडेल.
"आता म्हणावं चोराला, घाल की हात."
साडेचारशे घेतले. दोन किल्ल्या दिल्या.

दुसरी कुणाला द्यायची?
मिठाच्या बरणीमागे ठेवली.

पेटी ठोकून झाली त्याच संध्याकाळी
तिसऱ्या मजल्यावरच्या पद्माक्का दारात.
वर चल म्हणाल्या. चहाचं नाव नाही.

पलंगावर गठ्ठे, सुतळीनं बांधलेले.
करवीर. कागल. भुदरगड. परत.
अख्ख्या इमारतीचं टपाल, पिनकोडप्रमाणे,
कोपऱ्याला कोपरा.
एकही पाकीट फोडलेलं नाही.
मधोमध मगदूम अण्णा, कानावर लाल पेन.
तेहतीस वर्षं रेल्वेच्या टपालडब्यात
हलत्या जमिनीवर उभं राहून
गावं वेगळी केलेला माणूस.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"खिडकी चारला बंद होते, बाई. उद्या या."

पद्माक्कांनी माझं कार्ड दिलं.
कुणाला सांगू नको, असं म्हणाल्या नाहीत.
नुसत्या उभ्या राहिल्या, पदराचं टोक पिळत.

मी कुलूप काढलं नाही.
अण्णा असोत नाहीतर कोण,
बँकेचं कार्ड ते बँकेचं कार्ड.
फक्त जुनी पेटी शेजारीच राहू दिली, उघडी,
आणि तिच्यात टाकत गेले
मोडलेल्या सोसायटीच्या नोटिसा,
झालेल्या लग्नांच्या पत्रिका,
ट्रंकेत हाताला लागेल तो कागद, चष्मा न लावता.
पहाटे अण्णा उतरतात.
चपला हातात घेऊन, एकेक पायरी.
मोजून घेतात, वर जातात.
दिवसभर तिसऱ्या मजल्यावर शांत असतं, पद्माक्का सांगतात.

काल कुलूप उघडलं.
बिलावर एक निळं अंतर्देशीय,
फटीतून, जिभेवरून नीट घसरून आलेलं.
गडहिंग्लजचा शिक्का. एकोणऐंशी साल.
पहिल्या बाळंतपणाला गेले होते तेव्हाचं,
माझंच अक्षर, ह्यांचं नाव.
नावावर लाल रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी.
खाली: घेणार मयत.
त्याच्या खाली: पाठवणाऱ्यास परत.

हुपऱ्याची जीभ काढणाऱ्याला अडवते.
टाकणाऱ्याचं मी काही बोललेच नव्हते.

किल्ली कुलपात तशीच, घंटी वाजली.
रियाज एक पाय टेकून थांबला.
"मावशी, आज आधीच खाली?
आज तुमचं काही नाही."