लाल पट्टीच्या अलीकडे

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्किलिंगे गावात,
आल्गोत बावन्न वर्षं हेरिंग पकडत होता,
बोडक्या डोक्यानं.
टोपी वाऱ्याला आवडते, म्हणायचा.
आता कपाळावर खरखरीत डाग आहेत,
पॉलिश पेपरसारखे, उन्हानं दिलेले.
लुंडचे डॉक्टर त्यांवर द्रव नायट्रोजन फवारतात.
तो डोळे मिटतो
आणि बर्फाचा भाव विचारतो.

आमच्याकडे म्हणतात, कपाळावर लिहिलेलं पुसता येत नाही.
प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरून
मी हे हिलेवीला सांगितलं.
ती त्याची धाकटी मुलगी. म्हणाली, बघूया.
ओल्या कापसाच्या काडीनं तिनं बापाचं कपाळ पुसलं,
काडी नळीत टाकली, झाकण लावलं,
वर तारीख घातली.

प्राणवायू काढून घेतलेल्या बरणीत
सहा दिवसांनी ठिपके वर आले,
मोहरीहून लहान, पांढुरके.
तेच ते,
वयात येताना तोंडावर फोड आणतात म्हणून
चारचौघांत बदनाम.
केसाच्या मुळाशी, तेलात, अंधारात राहतात
आणि एक प्रथिन बाहेर सोडत असतात.
उन्हात प्राणवायू पिसाळतो, तेव्हा त्याला आवरणारं.
भाडं म्हणावं,
तर घरमालकानं कधी मागितलेलं नाही.

हिलेवीनं त्या प्रथिनाची कृती उचलून
दुसऱ्याच जिवाणूंच्या पोटात घातली,
भरपूर करून घेतलं, गाळलं, पुन्हा गाळलं.
मग तळघरातला चुंबक.
दोन माणसं उंच, आत हेलियमचा गारठा,
भोवती फरशीवर लाल पट्टी.
आल्गोतच्या छातीत पेसमेकर आहे.
म्हणून तो पट्टीच्या अलीकडे थांबला, हात पाठीमागे बांधून,
आणि त्याच्या कपाळावरची गोष्ट
त्याच्याशिवाय आत गेली.

ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली. बघा, पप्पा.
धागा जातो, वळतो, उलटा येतो,
पुन्हा जातो, स्वतःलाच खेटून.
असे दोन थर, समोरासमोर.
"जाळं," तो म्हणाला.
"होडीत असंच रचतात, नाहीतर सोडताना गुंता."
कडेचे फास तेवढे सैल, हलते.
आणि एका बाजूला खोबण.
"इथे काय बसतं?"
"बहुतेक हीम. रक्ताला लाल करतं ते."
"बहुतेक?"
"बहुतेक."

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"म्हणजे जस्ताचा ठोकळा.
होडीच्या बुडाला ठोकतो आपण. गंज आधी त्याला खातो,
लोखंड वाचतं. दर वसंतात बदलायचा.
हे झिजतं का?"
हिलेवीनं तोंड उघडलं, मिटलं.
डागांवरून घेतलेल्या काडीत
ते प्रथिन जेमतेम सापडलं होतं.
कमी म्हणून डाग, की डाग म्हणून कमी,
तिला माहीत नव्हतं. मलाही नाही.

घरी तो डांबराच्या साबणानं कपाळ घासतो,
कातडी लाल होईस्तोवर. आईनं लावलेली सवय.
घासू नका, असं तिनं सांगितलं नाही.
सांगायला पुरावा लागतो.

परतताना तो गाडीत झोपला,
खिडकीला कपाळ टेकून.
हिलेवी तशी टापटिपीची,
पायपुसणीसुद्धा झटकून ठेवते.
शुक्रवारी मी तिच्या गाडीत बसले,
थंडीनं काच धुकटली होती,
तळहाताएवढी एक जागा सोडून.
तिथून समुद्र दिसत होता.