चुंबळ

वाडीच्या गोदामात मी वजनकाट्यावर बसते.
एक खोका, तेवीस किलो चारशे ग्रॅम.
ब्लँकेटं चार, ताडपत्री एक, दोर वीस मीटर,
पातेली दोन, साबण दहा,
पाण्याचा पिवळा कॅन, घडी होणारा,
बाईच्या चार दिवसांचं एक पाकीट.
वर छापलंय : एक कुटुंब, पाच जण.
पाच कुणी ठरवले, ते यादीत नाही.

मे महिना. पत्र्याखाली कूलर
गरमच हवा इकडून तिकडे नेऊन ठेवतो.
आमच्या हातातून सुटलेला माल
बंदरावर जातो, समुद्रावर जातो,
मग अशा देशात, जिथं सरकार सध्या कुठल्या गावी आहे
ते विचारून सांगावं लागतं.

लेबलावरची अरबी तपासायला अबकर येतो.
फार्मसीचं तिसरं वर्ष, कामठी रोडचं कॉलेज.
बाया त्याला अकबर म्हणतात.
पहिले दोन दिवस त्यानं सुधारलं.
त्याचं घर दोन वर्षांत चारदा हललं.
आता कुठं आहे, ते तो फोनवरच्या आवाजामागून ओळखतो :
कोंबड्या ऐकू आल्या तर गाव,
जनरेटर ऐकू आला तर छावणी.

त्या दिवशी त्यानं लेबल वाचलं, बरोबर म्हणाला,
आणि खोका उचलून डोक्यावर घेतला.
गेटपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला.
आम्हाला वाटलं, पोराला ऊन लागलं.
पुष्पकलाबाई नंदनवार ओरडली,
"काऊन रे बाबू, हमालीवर लागला का?"

त्यानं खोका उतरवला. मोडक्या हिंदीत सांगितलं,
वाटप होतं तिथून झोपडी दोन तासांवर.
रांगेत बायाच असतात. पुरुष...
इथं त्याला हिंदी शब्द सापडला नाही,
किंवा सापडला आणि त्यानं ठेवून दिला.
खोक्याची कड टाळूत कशी रुतते
ते मात्र बोटानं नीट दाखवलं.

टेप ओढल्याचा तेवढा आवाज.
मग पुष्पकलाबाईच :
"मंग चुंबळ नाही देत का थ्या बायांईले?"

गजभिये साहेब म्हणाले,
यादीत नाही ती वस्तू कस्टम सोडत नाही.
खरंच बोलले. माणूस वाईट नाही,
माझ्या पोरीच्या फीसाठी दोनदा उचल दिली आहे.
पण यादीची शेवटची ओळ मला पाठ होती :
रिकाम्या जागेत भरण, गरजेप्रमाणे.
तिथं आजवर आम्ही कागदाचे बोळे कोंबत होतो.

गोळीबार चौकात पुष्पकलाबाईच्या सासऱ्याचा माग
बंद पडून पंधरा वर्षं झाली.
माळ्यावर चिंध्यांची पोती तशीच होती.
एकेक पोतं ती बसनं आणू लागली,
कंडक्टरशी तिकिटावरून भांडत.
डबा खाऊन झाला की सगळ्या बसायच्या :
तीन वेढे, एक पीळ, शेवट आत खोचायचा.
पहिल्या दिवशी चाळीस.
अबकरलाही जमली, पण सैल.
त्याची आई म्हणे गवताची करते,
की करायची;
हिंदीत त्याचा काळ नेहमी चुकतो.

आता खोका तेवीस किलो पाचशे दहा भरतो.
मी चारशेच लिहिते.

दिवाळीच्या जरा आधी साहेबांच्या फोनवर एक फोटो आला.
माळरान, रांग, खोके, डोकी.
दोन बोटांनी मोठा करावा
तर माणसांचे चौकोन होतात.
पुष्पकलाबाई म्हणाली, "थे पाह्य नं व, निळी!"
मला ती ओढणी वाटली.
शकीलाला काहीच वाटलं नाही, तिला चष्मा नव्हता.

अबकरनं फोन घेतला.
रांगेच्या एका टोकाला अंगठा ठेवला
आणि एकेक चेहरा करत
हळूहळू दुसऱ्या टोकाला गेला.
मग फोन परत देऊन विचारलं,
आज किती खोके?

एकशे साठ, मी म्हटलं,
आणि काटा शून्यावर आणला.