पाच किलो

उदगीरच्या आडत बाजारामागं, रसवंतीला लागून
दादांचं दुकान होतं. दुकान कसलं,
एक ऐरण, एक भाता आणि पाटी:
विश्वंभर पांचाळ, काटे व वजने दुरुस्त करून मिळतील.
वैधमापनचा साहेब वर्षातून एकदा यायचा
आणि शिक्का मारण्याआधी
दादांच्या तोंडाकडं बघायचा.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं,
शिशानं बुजवलेलं.
गिऱ्हाईक काट्याकडं बघतं.
वजन उलटं करून कोण बघतंय?

चौऱ्याण्णव साली माझा लातूरच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला.
फी बावीसशे. मुदत शुक्रवार.
बुधवारी मन्मथअप्पा शेटकार येऊन बसले,
मांडीवर पाच किलोचं वजन, लेकरासारखं.
म्हणाले, "जरा जास्तच भरायलंय का, बघा की."
दादांनी ते नुसतं हातात धरलं.
त्यांना काटा लागायचा नाही.
वजन बरोबर होतं.
तसं ते म्हणाले नाहीत.

त्या महिन्यापासून आमची ज्वारी शेटकारांकडून यायला लागली,
चार दुकानं ओलांडून, किलोमागं चार आणे महाग.
माय मापट्यानं मोजत डब्यात ओतायची
आणि ज्वारी दर वेळी त्याच रेघेच्या खाली राहायची.
"भरंना गेली बघा. फसवायलाय मेला. दुकान बदला."
"असू दे."
दादा आधी तीन भाकरी खायचे.
आता दोनीवर हात धुवायचे.

अकरा वर्षं.
मी हिशोब केलाय, डिप्लोमा झालाय माझा:
महिन्याला वीस किलो, पाचामागं शंभर ग्रॅम,
त्रेपन्न किलोच्या आसपास आमच्या घरानं फेडलं.
पण वीटभट्टीवरच्या त्या बाया,
शनिवारी मजुरी झाली की
पदराच्या गाठीतून पैसे सोडून
पाचच किलो नेणाऱ्या,
त्यांचं मांडायला बसले की पेन चालत नाही.
दादांनीही ते कधी मांडलं नसावं.
किंवा रोज मांडलं असावं.

मग शेटकारांकडं लाल आकड्यांचा काटा आला,
जुनी वजनं भंगाराच्या गाड्यावर गेली.
दादा गाड्यामागं जवळजवळ पळालेच.
भंगारवाल्यानं ते वजन तोललं:
चार किलो नऊशे.
"चाचा, शंभर ग्रॅमचे पैसे नको," म्हणाला,
"नाव पाचाचं हाय, पण भरत नाही."

रात्री त्यांनी देव्हाऱ्यामागून तपकिरीची डबी काढली.
आत शिशाचा खडा.
भाता मी ओढला.
शिसं पातळ झालं, चमकलं,
आणि ज्या पोटातून काढलं होतं तिथंच परत गेलं.
तेव्हा कुठं त्यांनी मला सगळं सांगितलं,
तेही माझ्याकडं न बघता, काट्याकडं बघत.
दांडी हलली, हलली, थांबली.

जेवताना दादा म्हणाले, "अजून एक आण."
मायचा हात परातीत तसाच राहिला.
"बरं हाय न्हवं तुमाला?"
त्यांनी मिरचीच्या ठेच्याशी तिसरी भाकरी खाल्ली,
कडा सुद्धा,
आणि ताटात पाणी ओतून ते प्यायले.
एवढं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता ते वजन माझ्याकडं, संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावलेलं.
पगार मोबाइलवर टिंग करून येतो,
मी रस्त्यांची मोजमापं वहीत चढवते.
परवा शुक्रवारी एका ठेकेदारानं
टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.
उचलून पाहिला. मलाही काटा लागत नाही.
पेढ्यांपेक्षा जड होता.

परत दिला, एवढंच लिहिलं तर कविता बरी होईल.
दिला. पण सोमवारी.
मधल्या दोन दिवसांत पुडा कपाटात होता,
लेकाच्या क्लासच्या फीचा कागद त्याच्याशेजारी,
आणि दाराशी ठेवलेलं ते वजन
येता-जाता पायाला लागत होतं.