शेपूट

अष्टमीच्या भांगाला मी जात नाही.
पाणी तेव्हा आळसावलेलं,
खाडी नुसती कूस बदलते.
द्वादशी लागली की मात्र
रबाळ्याची रात्रपाळी संपवून, न झोपता,
थेट सारसोळे जेटी.

डबीत सहा रबरी मासे, घरीच ओतलेले.
फाटकी धडं, तुटक्या शेपट्या
दुधाच्या जुन्या पातेल्यात वितळवायच्या
(ते पातेलं वनितानं माझ्या नावावर सोडलंय),
वर चिमूटभर चमकी,
मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टातून उरलेली,
आणि प्लास्टरच्या साच्यात धार.
माझ्या साच्यात एक खोट आहे:
प्रत्येक शेपटीला डाव्या बाजूला
मोहरीएवढा बुडबुडा येतो.
कंपनीत असा माल परत वितळायला जातो.
तिथे मी बाटल्यांची झाकणं काढतो,
तासाला किती, ते सांगत नाही,
तुम्हाला आकडा खोटा वाटेल.

भरती वळायला अजून दोन तास.
शेजारी पोशीबाय फगी पाण्यात सोडते,
फगीत कोंबडीचे पाय बांधलेले.
माझा हिरवा मासा चिमटीत धरून ओढते, सोडते,
तो थरथरतो.
"म्हावऱ्याला फसवाला म्हावराच केलास व्हय?
वास नाय, चव नाय.
माझी चिंबोरी याच्याकडं बघनार पन नाय."
आणि हसते, तंबाखूची पुडी कनवटीला खोचत.

पाणी वळलं.
तिवरांच्या मुळांतून नाला जिथे खाडीत रिकामा होतो,
तिथे टाकायचं.
शिशाचं डोकं चिखलाला टेकू द्यायचं.
दोरी सैल पडते, तेव्हा टेकलं.
मनगटानं एक झटका. थांब.
दोन झटके.
थांब.
शिकवायला कोणी नव्हतं, हे हातानंच शिकलो:
जिताडा पळत्याकडे बघतो,
पडत्याला गिळतो.
पडताना रबर सगळ्यात खरं दिसतं.

डुलकी लागली असावी.
धक्का कोपरात बसला.
मग तो उसळला, अख्खा, पाण्याबाहेर,
डोकं झटकत, एखादी गोष्ट ठाम नाकारावी तसं,
आणि वळला मुळांकडे.
मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही.
पोशीबाय सांगते ते असं:
गुडघ्यापर्यंत चिखलात,
एक चप्पल गेलेली,
आणि मी त्याला "अहो, अहो" म्हणत होतो.

साडेतीन किलो.
डोळा अंधारात मांजराचा असतो तसा.

दुपारी वनितानं पोट फाडलं.
दोन कोळंब्या, अर्धवट विरलेल्या.
एक निवटी.
आणि ताटलीत निथळून पडली
हिरवी शेपटी,
चमकी तशीच,
डाव्या बाजूला मोहरीएवढा बुडबुडा.

आजच्या माशाची शेपूट शाबूत होती. मी पाहून आलो.
ही आधीची.
गणपतीनंतर एकदा तोडून नेली होती कोणीतरी,
मी शिंगाळ्याला शिव्या घातल्या होत्या.

म्हणजे हा घेऊन फिरत होता.
दीड महिना, वर-खाली, वाशीच्या पुलापर्यंत की कुठपर्यंत,
पोटात माझी खोट जपत,
आणि भूक लागली तेव्हा
पुन्हा माझ्याकडेच आला.

"दोनदा फसवलंस त्याला?" मुलगी म्हणाली.
वनिता काही बोलली नाही.
तुकड्यांना आगळ चोळत राहिली.
आम्ही जेवलो. चव होती, खोटं का बोलू.
डोकं पोशीबायकडे पोचवलं.
शेपटीचं तिला सांगितलं नाही.

रविवारी पातेलं ठेवलं.
तुटकी धडं हळूहळू आकार सोडू लागली.
ती एक शेपटी हातात घेऊन मी उभा.
साबणानं धुतलेली, मऊ, नवी असल्यासारखी.
टाकू की नको,
तेवढ्यात धूर झाला,
आणि आतून वनिता ओरडली,
खिडकी उघडा.