हात लावायचा नाही

शाळा सुटली की सातवीच्या वर्गात
पाच पोरं, मी आणि सुतळीचा गुंडा.
स्पर्धेचा पहिलाच नियम : बाईंनी हात लावायचा नाही.
म्हणून मी हातांवर बसते.
बाकाचा खिळा बोटाला लागतो.

माडाच्या हिरांचा पूल करायचाय,
जाळ्याची शिशाची वजनं पेलणारा.
तन्झीला म्हणते, जाड हीर.
पूर्वेश म्हणतो, जास्त हीर.
भांडण.
मला त्रिकोण ठाऊक आहे,
तो जिभेवर कैरीच्या फोडीसारखा आंबतोय.

पूल चौथ्यांदा पडतो.
शिसं घरंगळत कपाटामागे.
तिथं डोकं घातलेली मिताली आतूनच ओरडते,
"बाई, ह्यें हलत का नाय, म्हायत्येय?
मागं तिरकी पट्टी मारलीय!"

मी काही बोलत नाही.
मांडीखालच्या हातांना मुंग्या आल्यात.

हर्णैच्या बंदरावर लिलाव सुरू झाला
की पूर्वेशला आईची टोपली धरायला जायचं असतं.
म्हणून शेवटी झटपट प्रश्न :
एका चपलेचे उपयोग सांगा.
विंचू मारायला.
होडीतलं पाणी उपसायला.
कुत्र्याला खेळायला, तो मागतोच.
अरमान गप्प. तो गप्पच असतो.
मग म्हणतो,
"एकच असली, तर दुसरी कुठाय ते शोधायला."

घड्याळ थांबवायचं राहिलं.
ह्याला किती गुण, पुस्तिकेत नाही.

पोरं गेली. खिडक्या लावताना बघितलं,
पडलेल्या पुलात एक हीर
तिरका टेकवलेला,
अजून न बांधलेला.
सुतळी तिथंच होती.
मी कुलूप लावलं.