गोत्तिल्ल

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवर भाड्याची खोली.
पान उलटलं की शिंक.
तो जर्मन म्हणतो, अवकाश वस्तूत नसतो,
आपणच तो बरोबर घेऊन येतो.

हे अप्पांना सांगितलं. तीस वर्षं भूकरमापक,
साखळी ओढून खांदा उतरलेला.
म्हणाले, मग त्यात नवीन काय?
शीव साखळीत असती पोरी,
रान काय वाकून बघतंय व्हय
आपण कुठल्या राज्यात ते?

मग साखळी उचलल्यावर रान काय असतं?
अप्पा चुना मळत राहिले.

पुस्तक बेळगावच्या वाचनालयाचं. माझ्याआधी
एकदाच बाहेर गेलेलं: कु. महादेवी हंजी, १९८७.
जिथं बुद्धी आपल्याच कुंपणाला धडकते
त्या पानाच्या समासात, पेन्सिलनं, कानडीत
एकच शब्द: गोत्तिल्ल.
ठाऊक नाही.

मी पुस्तकांवर कधी लिहीत नाही.
तरी पेन्सिल शोधली, तिच्या अक्षराखाली
टोक टेकवलं.
मलाबी न्हाई, एवढंच लिहायचं होतं.
कुठल्या लिपीत, यावर
खालचं शटर पडेपर्यंत अडले.